बारा कळींचा कळफलक आणि मराठी लेखन : जामनेर परिसरातील बोलींच्या संदर्भात

१

लेखनाचे साधन बदलले की लिपीच्या व्यवहारातही बदल घडतो, ही गोष्ट मराठीच्या इतिहासाला नवी नाही. बोरूने झरझर लिहिण्याच्या गरजेतून मोडी दफ्तरांत रूढ झाली. मुद्रणयंत्राच्या प्रसाराबरोबर बाळबोध देवनागरीला प्राधान्य मिळाले आणि मोडी मागे पडली. तारयंत्रावर मराठी मजकूर दीर्घकाळ रोमन अक्षरांतच धाडावा लागे. पुढे मुद्रण व टंकलेखन यांच्या सोयीसाठी देवनागरीतील चिन्हे कमी करावीत की काय, हा प्रश्न विसाव्या शतकात मोठ्या वादाचा झाला. सावरकरांनी पुरस्कारिलेली अ-ची बाराखडी आणि १९५३ ची लखनौ येथील लिपिसुधार परिषद ही त्या वादाची दोन ठळक चिन्हे होत.

या परंपरेतील नंतरचे एक साधन म्हणजे मोबाइल दूरध्वनीचा बारा कळींचा कळफलक. एकोणिसशे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून स्पर्शपडद्याची यंत्रे सर्वत्र पसरेपर्यंत, म्हणजे सुमारे दीड दशक, मराठी माणसाच्या खाजगी लेखनाचा फार मोठा भाग या कळफलकावर झाला. हे साधन आले तेव्हा परिषद भरली नाही, समिती नेमली गेली नाही. मराठी लेखनात एवढा मोठा बदल इतक्या निमूटपणे क्वचितच घडला असेल.

या कळफलकाने मराठीला रोमन लिपीच्या दावणीला बांधले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे मत अर्धेच खरे आहे. कळफलकाने देवनागरी लेखन महाग केले, यात शंका नाही. परंतु त्याच वेळी प्रमाण मराठी आणि घरची बोली यांना त्याने एकाच पंक्तीस आणून बसविले, ही त्या घटनेची दुसरी बाजू आहे. ही दुसरी बाजू स्पष्ट दिसावी असा प्रदेश म्हणून जामनेर परिसराची निवड येथे केली आहे. जळगाव जिल्ह्यातील हा तालुका अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तरेस आहे. शाळेत व कचेरीत प्रमाण मराठी, घरी व बाजारात तावडी बोली, पश्चिमेस अहिराणी, उत्तरेस यावल-रावेरकडे लेवा गणबोली आणि पूर्वेस बुलढाण्याकडील वऱ्हाडी, असा बोलींचा संगम येथे आढळतो.

२

प्रथम कळफलकाची घडण ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व परिणाम तीतून उद्भवतात. तीन उभ्या रांगांत अंक मांडण्याची पद्धत मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कळींच्या निरनिराळ्या मांडण्यांवर प्रयोग झाले व त्यांचा वृत्तान्त डायनिंगर या संशोधकाने १९६० मध्ये प्रसिद्ध केला. १८ नोव्हेंबर १९६३ रोजी पेनसिल्व्हेनियातील दोन गावांत कळींचा दूरध्वनी ग्राहकांना उपलब्ध झाला. त्या वेळी कळी दहाच होत्या; तारा आणि चौकट यांच्या चिन्हांच्या दोन कळी १९६८ मध्ये जोडल्या गेल्या. लोक पुढे त्यांना स्टार आणि हॅश म्हणू लागले.

अंकांवरील रोमन अक्षरे याहूनही जुनी. फिरत्या तबकडीच्या काळी अमेरिकेत दूरध्वनिकेंद्रांना नावे असत आणि त्या नावांची आद्याक्षरे फिरवावी लागत. म्हणून तबकडीवर अक्षरे छापली गेली. दोनवर ए, बी, सी. तीनवर डी, ई, एफ. याप्रमाणे ती क्रमाने बसविली होती. केंद्रांची नावे लुप्त झाली, तरी अक्षरे राहिली. मोबाइल यंत्रांनी त्यांच्यात क्यू आणि झेड यांची भर घालून तोच क्रम पुढे चालविला. तात्पर्य, ज्या मांडणीत जामनेरच्या माणसाने मराठी लिहिली, ती मराठीसाठी तर नव्हतीच, पण मुळात लेखनासाठीही नव्हती. क्रमांक फिरविण्याच्या सोयीचा तो अवशेष होता.

३

भारतात मोबाइलवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले; पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशी ते केले. आरंभीच्या त्या काळात गर्दीच्या वेळी एका मिनिटाला सुमारे १६ रुपये पडत, आणि आलेल्या कॉललाही दाम मोजावा लागे. खेड्यांतील स्थिती किती बेताची होती, हे १९९९ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणावरून दिसते. ग्रामीण भागात शंभर माणसांमागे ०.४ दूरध्वनी आहेत, ते २०१० पर्यंत ४ व्हावेत, एवढीच अपेक्षा त्यात व्यक्त झाली होती. प्रत्यक्षात प्रवाह कितीतरी वेगाने आला. ऑक्टोबर २००२ मध्ये भारत संचार निगमाची मोबाइल सेवा सुरू झाली; त्याच वर्षाच्या डिसेंबरात रिलायन्सची सेवा आली; २००३ मध्ये येणारा कॉल निःशुल्क झाला. २००१ च्या जनगणनेत देशातील ९.१ टक्के कुटुंबांकडे दूरध्वनी होता. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण ६३.२ टक्के झाले. ही वाढ मुख्यतः मोबाइलची होती.

२००३ मध्येच बाजारात आलेले नोकिया ११०० हे यंत्र या प्रसाराचे प्रतीक ठरले. जगभर या यंत्राचे २५ कोटींहून अधिक नग खपले. धूळ आत जाऊ नये म्हणून त्याच्या कळींवर एकसंध आवरण होते, हातातून निसटू नये म्हणून बाजू खडबडीत होत्या आणि माथ्यावर विजेरी होती. भारनियमनाच्या काळात, रात्री उशिरा येणाऱ्या विजेवर पंप चालवावयास शेतात जाणाऱ्या माणसाला या विजेरीचे मोल काय होते, हे खानदेशात निराळे सांगावयास नको. पुष्कळांच्या बाबतीत त्या यंत्राचा सर्वांत अधिक वापर बोलण्यासाठी नव्हे, तर उजेडासाठी होत असावा.

याच काळात एक शब्दप्रयोग मराठीत पक्का झाला, तो म्हणजे ‘मिस कॉल देणे’ किंवा ‘मिस कॉल मारणे’. मूळ इंग्रजी संज्ञेत कर्ता घेणारा आहे. त्याच्याकडून कॉल घ्यावयाचा राहून गेला, असा तिचा अर्थ. मराठीने ‘देणे’ व ‘मारणे’ ही क्रियापदे जोडून कर्तृत्व धाडणाऱ्याकडे आणले आणि चुकण्याच्या जागी हेतू बसविला. हा केवळ उसना शब्द नव्हे. शब्द उसना घेऊन त्याचे व्याकरण उलटे फिरविल्याचा हा नमुना होय.

या प्रयोगामागील अर्थव्यवहारही दोन टप्प्यांचा दिसतो. २००३ पूर्वी कॉल उचलणाऱ्यालाही पैसे पडत. त्यामुळे न उचललेली घंटा हीच काय ती दोन्ही पक्षांना फुकट होती आणि ठरीव खूण म्हणून ती वापरणे सोयीचे होते. पाचोऱ्याहून गाडीने निघालेला माणूस जामनेरास पोहोचला, एवढे कळविण्यास एक घंटा पुरे होई. २००३ नंतर उचलणाऱ्याचा खर्च नाहीसा झाला; तेव्हा तीच घंटा ‘तुम्ही फोन करा’ या विनंतीची झाली. जोनाथन डॉनर यांनी रवांडातील अशाच प्रथेचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. ज्याची ऐपत अधिक, त्याने उलट फोन करावा, असा अलिखित नियम त्यांना तेथे आढळला. गावाकडील आईवडिलांनी पुण्या-मुंबईस नोकरीवर असलेल्या मुलाला घंटा द्यावी आणि त्याने फोन करावा, हा आपल्याकडील परिपाठ त्याच नियमाचा आहे. अक्षर नाही, उच्चार नाही, तरी त्यात निरोप आहे आणि नात्यातील पायरीही आहे.

४

परंतु घंटेने सर्व निरोप सांगता येत नाहीत. भाव, तारीख, कोणाचे नाव सांगावयाचे तर अक्षरे हवीत, आणि तेथे कळफलकाचा खरा प्रश्न उभा राहतो.

एका कळीवर तीन-चार अक्षरे असल्याने हवे ते अक्षर येईपर्यंत तीच कळ पुनःपुन्हा दाबावी लागे. ‘जामनेर’ हा शब्द रोमन अक्षरांत लिहावयाचा तर जे एकदा, ए एकदा, एम एकदा, एन दोनदा, ई दोनदा आणि आर तीनदा, असे एकूण १० दाब पडतात. शिवाय एम आणि एन ही दोन्ही अक्षरे सहाच्या कळीवर असल्यामुळे त्यांच्या मध्ये क्षणभर थांबावे लागते. न थांबल्यास एम पुसला जाऊन भलतेच अक्षर उमटते.

आता देवनागरीचा विचार करू जाता असे दिसते की, आपली वर्णमाला कळफलकाला वरवर फार सोयीची आहे. उच्चारस्थानानुसार तिचे पाच-पाच वर्णांचे वर्ग पाडलेले आहेत; एका कळीवर एक वर्ग बसविला की मांडणी मुलालाही पाठ असलेली मिळते. मात्र ही शास्त्रशुद्धताच येथे अडचण होते. वर्गातील पाचवा वर्ण अनुनासिक असतो, आणि ‘न’ व ‘म’ हे तर मराठीत वारंवार येणारे वर्ण आहेत. त्या प्रत्येकासाठी पाच दाब. ‘जामनेर’ या शब्दात ज-साठी ३, म-साठी ५, न-साठी ५ आणि र-साठी २, असे काना व मात्रा सोडूनच १५ दाब होतात. रोमन अक्षरांत अखंड शब्दाला १० दाब, तर देवनागरीत नुसत्या व्यंजनांना १५. परंपरेने उच्चाराच्या तर्काने लावलेला क्रम, आणि अंगठ्याला हवा असलेला वारंवारतेचा क्रम, या दोहोंतील हा विरोध आहे.

दुसरी अडचण संदेशाच्या लांबीची. लघुसंदेशाच्या तांत्रिक मानकात एका संदेशासाठी ११२० द्विमान अंकांची जागा ठरविली होती. रोमन अक्षराला ७ अंक लागतात, म्हणून संदेशात १६० अक्षरे मावतात. देवनागरी चिन्हाला १६ अंक लागतात, म्हणून ७० चिन्हेच मावतात. त्यातही संगणक काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही प्रत्येक स्वतंत्र मोजतो. ‘क्षेत्र’ हा शब्द वाचणाऱ्याला दोन अक्षरांचा; यंत्राला तो सात चिन्हांचा. भरीस भर म्हणजे ज्या यंत्रात देवनागरी टंक नसे, तेथे आलेल्या मराठी संदेशाच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत. पाठविणाऱ्याच्या यंत्रात सोय असून भागत नसे. घेणाऱ्याच्याही यंत्रात ती असावी लागे.

यावर उपाय निघाले नाहीत असे नव्हे. २००० मध्ये नोकिया ३२१० या यंत्रात हिंदी मेनू आला. पुढे नोएडातील एका कंपनीने ‘पाणिनी कीपॅड’ ही पद्धत पुढे आणली. तीत कळींवर अक्षरे न छापता संभाव्य अक्षरे पडद्यावर दाखविली जात, म्हणजे वारंवारतेच्या प्रश्नाला तीत थेट उत्तर होते. परंतु तोवर हात वळला होता. रोमन लेखनासाठी अमेरिकेत तयार झालेली टी-नाइन ही शब्दानुमानाची पद्धत यंत्रांत असे. तीत प्रत्येक कळ एकदाच दाबावयाची आणि शब्द कोणता ते यंत्राने ओळखावयाचे. पण यंत्राच्या शब्दसंग्रहात मराठी नव्हती. ‘आहे’ लिहू जाता दोन, चार, तीन या कळींवर ‘एज’, ‘एड’, ‘बिड’ हे इंग्रजी शब्द उमटत. ‘का’, ‘जा’ आणि ‘ला’ हे तिन्ही पाच आणि दोन या कळींचेच, त्यामुळे त्यांतील भेद कळींच्या क्रमात उरतच नसे. तेव्हा मराठी माणसाला शब्दानुमान बंद करून एकेक अक्षर दाबीत बसण्यावाचून गत्यंतर नव्हते.

५

येथवर पाहता हा मराठीच्या तोट्याचाच इतिहास वाटतो. रोमन लेखनात ट आणि त, ड आणि द, ण आणि न, ळ आणि ल हे भेद बुजतात, हा आक्षेप योग्यच आहे. मात्र हे लेखन कोणत्याही शुद्धलेखनाच्या नियमांनी बांधलेले नव्हते, याचे परिणाम अधिक सूक्ष्मपणे पाहिले पाहिजेत. नियम नसल्यामुळे लिहिणारा कानाला जे ऐकू येई ते लिहीत असे. ‘झाले’ या लेखी रूपाच्या जागी ‘झालं’ या बोलीतील रूपाचे रोमन लेखन सर्रास रूढ झाले. प्रमाण लेखनाची वेस ओलांडणे देवनागरीत ज्याला चूक वाटे, त्याला रोमनमध्ये तसे वाटण्याचे कारण उरले नाही.

खानदेशातील बोलींच्या बाबतीत या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. तावडी, लेवा गणबोली आणि अहिराणी यांत ळ-च्या जागी य येतो, हे त्यांचे ठळक लक्षण आहे: केळी - केयी, काळा - काया, डोळा - डोया. हे लक्षण कळफलकावर तपासून पाहण्याजोगे आहे. ‘केळी’ रोमन अक्षरांत लिहिताना के २, ई २, एल ३, आय ३, असे १० दाब लागतात. ‘केयी’ लिहिताना के २, ई २, वाय ३, आय ३, असे १०च. ‘काळा’ला ७ दाब आणि ‘काया’लाही ७. एल हे पाचच्या कळीवरील तिसरे अक्षर आणि वाय हे नऊच्या कळीवरील तिसरे अक्षर असल्यामुळे ही समानता प्रत्येक शब्दात टिकते. अर्थात प्रमाण रूप आणि बोलीचे रूप यांना अंगठ्याचे श्रम अगदी सारखे पडतात.

याहून पुढची गोष्ट अशी की, प्रमाण रूप येथे संदिग्ध ठरते. रोमनमध्ये ‘केळी’ आणि ‘केली’ यांचे लेखन एकच होते. ‘केळी पाठविली’ आणि ‘केली पाठविली’ यांतला फरक संदर्भावरून लावावा लागतो. ‘केयी’ लिहिणाऱ्याला ही अडचण नाही. बोलीतील उच्चार हा प्रमाण उच्चाराचा अपभ्रंश मानण्याची सवय ज्या शाळेने लावली, तिच्या बाहेर, एका परक्या लिपीत, तोच उच्चार अधिक स्पष्ट ठरला. केळीच्या मुलखात हा दाखला क्षुल्लक मानता येत नाही. अर्थात ही सोय सार्वत्रिक नाही. ‘काया’ या लेखनात काळ्या रंगाचा आणि देहाचा अर्थ एकत्र येतोच. परंतु लिपीच्या एका दोषाची भरपाई बोलीने आपल्या ध्वनिव्यवस्थेतून करावी, हे नोंदण्यासारखे आहे.

६

अक्षरांच्या या अडचणीतून सुटण्याचा तिसरा मार्ग अंकांचा होता. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेले ‘नॅनो गणेश’ हे साधन त्याचे उत्तम उदाहरण होय. विहिरीवरील पंपाच्या स्टार्टरला हे साधन जोडावयाचे. शेतकऱ्याने घरून त्याच्याशी संबंध जोडून ठरीव अंक दाबले की पंप सुरू किंवा बंद होतो, आणि वीज आहे की नाही हेही कळते. यामागील तत्त्व १९६३ च्या त्या कळींच्या दूरध्वनीतलेच आहे. प्रत्येक कळीला दोन स्वरांची जोडी नेमून दिली आहे. एकच्या कळीला ६९७ आणि १२०९ हर्ट्झ, पाचच्या कळीला ७७० आणि १३३६ हर्ट्झ. पलीकडचे साधन ती जोडी ओळखते व तदनुसार कृती करते. येथे कळ हे अक्षर नव्हे, आज्ञा आहे. रात्रीच्या अंधारात विहिरीपर्यंतची पायपीट त्यामुळे वाचली. २००९ मध्ये नोकियाच्या नवकल्पना-स्पर्धेत या साधनाला पारितोषिक मिळाले.

बाजारभाव संदेशांद्वारे कळविण्याचे प्रयोगही महाराष्ट्रातच आरंभिले गेले. रॉयटर्स मार्केट लाइट ही सेवा २००७ मध्ये येथे सुरू झाली. नोकियाच्या ‘लाइफ टूल्स’ची चाचणी २००८ च्या अखेरीस येथेच झाली. पहिल्या सेवेचा परिणाम फाफशँ आणि मिंटेन यांनी राज्यातील १०० गावांत तपासला, तेव्हा शेतकऱ्याला मिळालेल्या भावात सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय वाढ दिसली नाही. माहिती हाती येणे आणि सौद्यात बळ येणे या दोन भिन्न गोष्टी होत, हाच यातील बोध. या सेवांत मराठी होती, पण ती वाचावयाची मराठी होती, लिहावयाची नव्हे.

७

२०१६ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने आयएस १६३३३ या मानकाचा तिसरा भाग प्रसिद्ध केला. प्रत्येक मोबाइलमध्ये सर्व २२ अनुसूचित भाषा वाचता याव्यात आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एक भारतीय भाषा लिहिता यावी, असे त्यात ठरविले गेले. जे १९९५ मध्ये व्हावयास हवे होते ते एकवीस वर्षांनी झाले, आणि तेव्हा बारा कळींच्या कळफलकाची सद्दी संपत आली होती. आता त्या यंत्राला ‘बटनाचा मोबाइल’ म्हणतात. जोवर सर्वच मोबाइल बटनांचे होते तोवर या विशेषणाची गरज नव्हती. विशेषण लागले, यातच त्याचा काळ सरल्याची कबुली आहे.

या काळाचा अभ्यास करणाऱ्यापुढील सर्वांत मोठी अडचण पुराव्याची आहे. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा खानदेशीविषयक भाग १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी बोलींचे नमुने सरकारी यंत्रणेमार्फत, उधळ्या पुत्राची एकच बायबलमधील कथा निरनिराळ्या बोलींत उतरवून घेऊन जमवावे लागले होते. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी सोपानदेवांनी जपली आणि १९५२ मध्ये ती ग्रंथरूप झाली, म्हणून लेवा गणबोलीचा तो ठेवा राहिला. या दोन्ही वेळी कोणी तरी लिहून घेणारा होता. बारा कळींच्या काळात मात्र बोली बोलणाऱ्यांनी स्वतःच, स्वतःच्या गरजेसाठी, आपल्या उच्चाराप्रमाणे लिहिले. भाषाशास्त्राला याहून निर्मळ नमुने कोठे मिळणार! परंतु सिमकार्डावर मोजकेच संदेश मावत. नव्यासाठी जुना पुसावा लागे. यंत्रे मोडीत गेली आणि त्यांच्याबरोबर ते लेखनही गेले.

अजून सर्व गेलेले नाही. घरोघरच्या कपाटांत, कपड्यांच्या घडीखाली किंवा जुन्या चार्जरसोबत, असे एखादे यंत्र पडून असते. मोडी दफ्तरांचे रुमाल सोडून वाचण्यात महाराष्ट्रातील संशोधकांच्या पिढ्या खपल्या. या यंत्रांतील संदेश धन्याच्या संमतीने उतरवून घेणे त्या मानाने सोपे आहे. मात्र बॅटरी आणि स्मृतिपट यांचे आयुष्य कागदाइतके नसते. जामनेर परिसरातील माणसांनी आपली बोली प्रथमच आपल्या हाताने लिहिली तेव्हा ती कशी लिहिली, या प्रश्नाचे उत्तर देण्याची मुदत त्या आयुष्याएवढीच आहे.